अर्थ न बदलता

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक सूचना हमखास असायची. दोन सुटी वाक्यं द्यायची आणि वर लिहायचं, अर्थ न बदलता जोडा. अठ्ठावीस वर्षं मी ही सूचना मुलांच्या कानीकपाळी ओरडले. "जोडायचं तसं जोडा, पण अर्थाला हात लावाल तर याद राखा," असं म्हणत टेबलावर डस्टर आपटायचे. माझा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा. मुलं मला मागून डस्टरबाई म्हणायची, तेही मला ठाऊक होतं. आणि एवढं सगळं करून मीच एकदा एका आईसमोर दोन वाक्यं अशी जोडली, की अर्थ पार फिरला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते सांगायला मी बसले आहे.

मी मूळची सांगलीची. हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. नोकरी मात्र लागली उंब्रजजवळच्या एका गावातल्या शाळेत. उंब्रजला खोली घेतली, सोमवार ते शनिवार तिथं, शनिवारी दुपारी कराडवरून एसटीनं सांगली. ते गाव फौजी माणसांचं. घरटी एक तरी माणूस पलटणीत. त्यामुळे पोरांना इंग्रजी यावं असं आयांना फार वाटायचं, आणि पोरांना मात्र ग्राउंडवर पळायचं असायचं.

माझी शिकवायची पद्धत सोपी होती. दोन वाक्यांत सारखं काय आहे ते शोधा. एक ठेवा, एक खोडा, तिथं 'हू' घाला, आणि ती मधली माहिती वरची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या. 'व्हेन'नं सुरुवात केली तर वाक्याच्या पोटात स्वल्पविराम हवाच. आणि नुसता स्वल्पविराम टाकून दोन पुरी वाक्यं कधी जोडू नका, मधे शब्द लागतो. पण तो शब्द खिशातून काढून वाटेल तो घालायचा नाही. दिलेल्या वाक्यांत जे नाही ते तुमच्या वाक्यात येता कामा नये. यावर मी फार कडक होते.

त्या वर्गात एक मुलगा होता, खिडकीशी बसणारा. बाप फौजेतून निवृत्त होऊन आला आणि दोन वर्षांत आजारानं गेला. घरात आई आणि हा एकटा. मुलगा हुशार, पण वाक्य जोडायचं म्हटलं की नाठाळ. निबंध लिहायचा तो असा: माय मदर इज अ फार्मर. शी हॅज वन बफेलो. द बफेलो इज अँग्री. मी म्हटलं, "अरे, जोड की! किती तुकडे पाडशील?" तर उभा राहून म्हणाला, "बाई, ह्यो बांध कशाला फोडायचा? दोन वावरांतला बांध फोडला की आमच्यात कोर्टकचेरी हुती."

सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं, पण दाखवायची सोय नव्हती. वही फेकली त्याच्या अंगावर आणि म्हटलं, "उद्या पन्नास वाक्यं जोडून आण, नाहीतर वर्गात पाय ठेवू नकोस." दुसऱ्या दिवशी पन्नासच्या पन्नास आणली. सगळी बरोबर. एकावन्नावं स्वतःचं होतं, म्हशीबद्दलचं, 'हू' घालून, दोन्हीकडं स्वल्पविराम देऊन. म्हशीला 'हू' नाही, 'विच' लागतं, असं मी म्हटलं तर म्हणाला, "आमची म्हस मानसासारखीच हाय बाई, लय तापट, तुमच्यासारखी." हात टेकले मी.

बारावीनंतर तो भरती झाला. दर शिक्षक दिनाला फोनवर इंग्रजीत मेसेज यायचा, तसाच तुकड्या तुकड्यांचा. आय अ‍ॅम फाइन. फूड इज गुड. मदर इज अलोन. मी तो जोडून, स्वल्पविराम देऊन परत पाठवायचे. हा आमचा खेळच झाला होता. शेवटचा मेसेज मात्र मराठीत आला. "बाई, हितं लय बर्फ हाय. बोटं चालत न्हाईत. कॉमा तुमीच घाला." मी तेव्हा वह्या तपासत होते. नंतर उत्तर देऊ म्हटलं आणि राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात तो गेला. वर कुठंतरी बर्फाचा कडा सुटला आणि त्यात सापडला. तिरंग्यात गुंडाळून आणला, सारा तालुका लोटला, शाळेची मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली होती आणि मी त्यांना रांगेत उभं करत होते. रडायलाही सवड झाली नाही. आई मात्र त्या गर्दीत एकच गोष्ट विचारत होती, भेटेल त्या वर्दीवाल्याला. "साहेब, माज्या लेकाच्या तोंडात पानी कुनी घातलं?" ते परमुलखातले. त्यांना वाटलं बाईला पाणी हवंय. एकानं बाटली पुढं केली.

मला तिचा प्रश्न कळला. जाणाऱ्याच्या तोंडात कुणीतरी आपल्या माणसानं शेवटचं पाणी घालायचं, एवढं झालं की मागं राहणाऱ्याला जगता येतं. नवऱ्याच्या तोंडात तिनं स्वतः घातलं होतं. आमच्यातही तेच. अब्बांच्या वेळी मी चमच्यानं मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी त्यांच्या ओठांत सोडलं होतं. घशाखाली उतरलं की नाही देव जाणे, पण मी घातलं, यावर मी आजवर निभावून नेलं आहे. तिच्यापाशी तेवढंही नव्हतं.

महिना झाला असेल. मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाकीट, पाकिटात इंग्रजीत टाइप केलेलं एक पानाचं पत्र. त्याच्या साहेबांनी पाठवलेलं. ती एवढीशी झाली होती. शेजारणी सांगायच्या, तिला अन्न जात नाही, पाण्याचा घोट तोंडात धरून बसते आणि चुळीसारखा थुंकून टाकते.

"आवं बाई, भाच्याच्या मोबाईलनं ह्ये मराठीत वाचलं," ती म्हणाली. "पर त्यो कुठं थांबंचना. गडगड गडगड सुटलाय आपला. मधीच पानी म्हनला. म्या म्हनलं, थांब थांब, काय म्हनलास पान्याचं? त्यो कुठला थांबतोय! तुमी वाचा. सावकाश. एकेक सांगा."

मी पत्र मनातल्या मनात वाचलं. चांगल्या माणसानं लिहिलं होतं. वाक्यं छोटी, स्वल्पविराम जागच्या जागी. पाण्याचं वाक्य वरच होतं. सकाळी निघण्याआधी त्याच्या सोबत्यानं आपल्या थर्मासातलं गरम पाणी त्याला दिलं आणि दोघं निघाले. पूर्णविराम. मग दुसरा परिच्छेद. दुपारी बर्फ सुटलं. दोघांची ताटातूट झाली. हवा खराब, शोध लगेच घेता आला नाही. तो दुसऱ्या दिवशी सापडला. जवळ कुणी नव्हतं.

पाणी सकाळचं होतं. नंतरचा सगळा वेळ तो एकटा होता.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. पापणी हलत नव्हती. "बाई, पान्याचं काय लिवलंय?"

मला खरं सांगायचं होतं, शप्पथ सांगते. तोंड उघडलंही. पण समोर तिचे वाळलेले ओठ दिसत होते. आणि मी जोडलं. "बर्फ सुटलं," मी म्हटलं. "तेव्हा त्याच्या सोबत्यानं आपल्या थर्मासातलं पाणी त्याला पाजलं."

"शेवटचं?"

"हो. शेवटचं."

'तेव्हा' हा एक शब्द मी माझ्या पदरचा घातला. बाकी सगळं पत्रातलंच होतं.

ती उठली. स्टाफरूमच्या कोपऱ्यात माठ होता. तिनं स्वतःच्या हातानं पेला भरला आणि उभ्यानं गटागटा प्यायली. दुसराही प्यायली. मग पदरानं तोंड पुसून भिंतीला टेकली आणि मोठ्यानं रडली. मी तिला धरून होते. त्या वेळी मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी याहून चांगलं काम केलं नाही. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. किती मूर्ख असतं माणूस!

पुढं ती सावरली. जेवू लागली, म्हशीचं बघू लागली. गावात ज्याला त्याला सांगायची, माझ्या लेकाला त्याच्या जोडीदारानं पाणी पाजलं. आणि ज्या माणसाचा मी विचारच केला नव्हता, तो जोडीदार सात-आठ महिन्यांनी सुट्टीवर आला.

तो आपल्याच भागातला निघाला, कवठे महांकाळकडचा. त्यानं भेटायला येतो असा निरोप पाठवला आणि हिनं मला बोलावणं धाडलं. "बाई, तुमी वाचून दावलं, तुमी हजर पायजे." त्याला आधी गाठून काही सांगावं, तर माझ्यापाशी नंबर नव्हता, आणि तिच्याकडं मागायची हिंमत झाली नाही.

मी पोचले तेव्हा तो पाटावर बसला होता. पोरगेलासा, सावळा, केस बारीक कापलेले. तिनं त्याच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि त्याचा उजवा हात उचलून स्वतःच्या डोळ्यांना लावला. म्हणाली, "ह्या हातानं माज्या लेकाला शेवटचं पानी पाजलंस. आता तू माजा लेक."

त्यानं दचकून वर बघितलं. मी दारात उभी होते. माझं तोंड बघूनच त्याला काय ते कळलं असावं. मला वाटलं, आता हा बोलणार आणि घर कोसळणार.

"गरम हुतं का रं पानी?" तिनं विचारलं.

त्यानं नजर माझ्यावरून तिच्याकडं वळवली. मग म्हणाला, "व्हय मावशी. लय गरम हुतं."

"किती प्याला?"

"दोन झाकनं."

"काय म्हनला?"

"म्हनला, गड्या, जीब भाजली की."

ती हसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "तसाच हुता मुडदा," म्हणाली, "च्या बी फुकून प्यायचा न्हाई कवा." आणि हसता हसता रडायला लागली. त्या मुलानं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. सगळं खरं होतं, सकाळचं होतं.

त्याला एसटीला सोडायला मी बरोबर चालले. फाट्यावर थांबलो तेव्हा म्हणाला, "मॅडम, ह्ये तुमी सांगितलंसा?"

"हो."

"का?"

मी म्हटलं, तिला अन्न जात नव्हतं. तो रस्त्याकडं बघत राहिला. मग एकदम त्याचा आवाज चिरकला. "रोज पुढं मी असायचो. त्या दिवशी माज्या बुटाची लेस सुटली. मी खाली बसलो, तर त्यो म्हनला, ये मागनं, आन् पुढं गेला. मी ह्ये सांगाय आलो हुतो, मॅडम. मावशीच्या शिव्या खायाला आलो हुतो. तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. आन् तिनं माझं पाय धुतलं."

मी काहीतरी बोलले, तुझी चूक नाही, असं काहीतरी. त्यानं ऐकलं नाही. बस आली आणि तो चढला.

नंतरच्या दोन सुट्ट्यांत तो आला. ती त्याच्यासाठी लाडू बांधायची, त्याच्या मापाचं बनियन आणून ठेवायची. मग तो यायचा बंद झाला. फोन उचलेना. मी तोवर निवृत्त होऊन सांगलीला परतले होते. गल्लीतली चार मुलं शिकवणीला यायची, तेवढाच वेळ जायचा. तिचा फोन यायचा, आणि दर वेळी तोच प्रश्न. "बाई, माजं काय चुकलं का वं? म्या जास्त बोलले का? लेक म्हनलेलं आवडलं नसंल का त्येला?"

शेवटी तिच्याकडून नंबर घेऊन मी त्याला माझ्या फोनवरून गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, तिच्या हातचा घास गळ्याखाली उतरत न्हाई. ती ताटापशी बसून रोज त्येच इचारती, पानी कसं पाजलंस. मी किती येळा सकाळचंच सांगू? तुमी सांगा तिला. माज्यानं व्हत न्हाई." आणि रडायला लागला.

एका मुलाला मी वाक्यं जोडायला शिकवली होती, तो गेला. आणि दुसऱ्याच्या गळ्यात मी हे जोडलेलं वाक्य अडकवलं होतं. आईला तर वाटत होतं तिचंच काही चुकलं. हे सगळं माझं काम होतं. मी रात्र कशीबशी काढली आणि सकाळच्या एसटीत बसले.

दुपारी तिच्या अंगणात पोचले. तिनं गूळ-पाणी आणून ठेवलं. मी ते तसंच ठेवलं आणि म्हटलं, "ते पत्र आण. मला परत वाचायचंय."

"आता कशाला?"

"आण तर."

पिशवी तीच होती. कागद घड्यांवर फाटायला आला होता. मी तिच्याजवळ बसले आणि बोट ठेवून एकेक वाक्य वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. सकाळी निघण्याआधी त्यानं पाणी दिलं. थांबले. दोघं निघाले. थांबले. दुपारी बर्फ सुटलं. दोघांची ताटातूट झाली. तो दुसऱ्या दिवशी सापडला. जवळ कुणी नव्हतं. मधे मी एकही शब्द घातला नाही.

"सकाळी," ती म्हणाली.

"सकाळी. मी तुला तेव्हा खोटं सांगितलं. त्या पोरानं नाही, मी सांगितलं. मला माफ कर."

ती माझ्याकडं बघत नव्हती. कागदाकडं बघत होती, जणू आता तरी तिला वाचता येईल. मग हळूच म्हणाली, "म्हनून त्यो येत न्हाई व्हय?"

मी लेसचं सांगितलं. शिव्या खायला आला होता, तेही सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "आगं बाई! येवढं वझं घिऊन लेकरू माज्या ताटावर जेवत हुतं? लावा. लावा त्येला फोन."

मी माझ्या फोनवरून लावला. त्यानं उचलला. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "आरं, मी हाय. बाईनं वाचलं मला समदं." "सकाळचं का हुईना, तू पाजलंस न्हवं? का आनि कुनी पाजलं? मग झालं तर. आन् लेस सुटती मानसाची. माज्या लेकाला पुढं पळायची खोडच हुती, ल्हानपनापास्नं. तू ये. शिव्या पायजेत व्हय तुला? ये, देते." मग ती नुसती हं हं करत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत राहिलं.

फोन परत देताना तिनं माझ्या हाताला हात लागू दिला नाही. तो हात मागं घेणं मला कळलं, आणि ते योग्यच होतं. मला ती रागावली असती, ओरडली असती, तर मी ते घेतलं असतं. तिनं फक्त पत्राची घडी केली, पिशवीत घातली आणि पिशवी मांडीखाली ठेवली. गूळ-पाणी तसंच होतं. ती ते प्या म्हणाली नाही. मी चपला घातल्या.

उंबऱ्यातून पाय बाहेर टाकला तेव्हा तिनं हाक मारली. "बाई."

मी वळले. ती खांबाला धरून बसली होती.

"सकाळी दोन झाकनं प्याला. मग दुसऱ्या दिसापत्तोर काय न्हाई." ती बोटांवर काहीतरी मोजत होती, सकाळ, दुपार, रात्र. "लय तहान लागली असंल का वं त्येला?"

माझ्यापाशी शब्द नाही असं कधी झालं नव्हतं. आता सांगायला किती गोष्टी होत्या. थंडीत तहान लागत नाही. एवढा वेळ तो जिवंत राहिलाच नसेल. त्याला कळलंही नसेल. यातलं एकही पत्रात नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग उठून आत गेली, आणि तांब्या भरल्याचा आवाज आला. मी फाट्याकडं चालायला लागले.